नाही म्हणायचं नाही, विकायचंही नाही

चहा खारट झाला होता, आणि हे बोलून दाखवायला कुणी तयार नव्हतं.

मेघनानं ट्रे ओट्यावर ठेवला आणि ती दाराला टेकून उभी राहिली. तिच्या नवऱ्यानं, देवेंद्रनं, पहिला घोट घेतला आणि दुसरा घेण्याआधी वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं. जगन्नाथ बशीत ओतलेला चहा डोळे मिटून पीत होते. चेहऱ्यावर काही नाही. पण बापाचा चेहरा वाचण्यात देवेंद्रची सगळी हयात गेली होती. दादांनी डोळे मिटले, म्हणजे दादांना कळलं.

"साखर कमी पडली का?" मेघनानं विचारलं.

"साखर बरोबर आहे," दादा म्हणाले. साखर सोडून बाकीचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही.

शेजारचा व्हॅलेरियन ओट्याच्या पायरीवर बसला होता. बाजूला त्याचा पाण्याचा कॅन. त्याच्या वाडीतल्या विहिरीत खारं पाणी शिरलं तेव्हापासून तो रोज सकाळी स्कूटरवर कॅन ठेवून प्यायचं पाणी इथून नेत असे. त्याची पानवेल त्याच वर्षी जळाली. मांडव अजून उभा होता, नुसते बांबू. विहिरीचं असं असतं, एकदा समुद्राची वाट आत झाली की ती पुन्हा बुजत नाही, हे भुईगावात पोरालाही ठाऊक. व्हॅलेरियननं चहाचा घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि तो कॅनकडे बघत राहिला.

"जगन," तो म्हणाला, "माझी पण अशीच सुरू झालेली. चहापासून."

"पी गुमान," दादा म्हणाले.

मागच्या बाजूनं, वाडीच्या टोकाकडून, पोरांचा आरडाओरडा आणि धपाधप उड्यांचे आवाज येत होते. त्या आवाजाचं काय करायचं, यासाठी आजची बैठक होती. निदान देवेंद्रनं ती तशी बोलावली होती. विषय त्यानं सगळ्यांना फोनवर एका वाक्यात सांगितला होता: पोहायच्या पुलाच्या पाण्याचा खर्च कुणी करायचा? वाक्य सोपं होतं. घोटाळा त्याच्या मागे होता.

घोटाळा दादांच्या शपथेचा.

पूर्वी, देवेंद्र कॉलेजात असताना, पूर्वेकडच्या बिल्डिंगांना पाणी न्यायला टँकर या किनाऱ्याच्या वाड्यांत शिरायला लागले होते. पैसे रोख मिळत. काहींनी दिवसरात्र पंप चालवले आणि त्यांच्या विहिरी एकामागून एक खाऱ्या झाल्या. तेव्हा आळीतले सगळे पुरुष या विहिरीवर जमले. नारळ फुटला, व्हॅलेरियननं गळ्यातला क्रूस हातात घेतला, आणि जगन्नाथनं शपथ सांगितली ती सगळ्यांनी म्हटली: या पाण्याला कुणाला नाही म्हणायचं नाही, आणि ते कुणाला विकायचं नाही. टँकर गेले. विहीर राहिली. तेव्हापासून लग्नाकार्यात जगन्नाथची ओळख करून देताना लोक त्यांचं नाव नंतर सांगत, शपथ आधी.

शपथ चांगली होती. तिच्यात स्विमिंग पुलाचा विचार केलेला नव्हता, एवढंच.

पूल देवेंद्रचा. वाडीच्या टोकाला त्यानं शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी बंगला बांधला, आणि पाहुणे पहिला प्रश्न "पूल आहे का?" असा विचारतात म्हणून पूलही खणला. दादा त्याला हौद म्हणत. आई डबकं म्हणे. पाहुणे वर्षभर आले, मग त्यांना याहून मोठे पूल सापडले. तेव्हा तो बंगला आचोळ्याच्या धनेशनं अकरा महिन्यांच्या करारानं घेतला. धनेश पोहायला शिकवायचा. फुलपाड्याची, आचोळ्याची पोरं गाडी भरून आणायचा, दिवसभर बुडवायचा आणि संध्याकाळी परत न्यायचा. मुलगा सरळ. भाडं तारखेला. फक्त पोरांच्या आया पुलाच्या काठावर उभ्या राहून पाण्यात पान दिसलं तरी "सर, पाणी कधी बदललं?" असं विचारत, आणि सर लगेच पाणी बदलत. सगळं. तळापासून.

करार देवेंद्रनंच टाइप केला होता. म्हणजे त्याच्या आचोळ्याच्या फ्लॅटचा जुना करार होता, त्यात नावं बदलली होती. पाण्याचा खर्च 'सोसायटीच्या नियमाप्रमाणे' असं त्यात राहून गेलं होतं. वाडीत सोसायटी नव्हती. नियम होता, पण तो दादांच्या तोंडात होता.

"या या," आईचा आवाज आला.

आनंदीबाई परड्यातून येत होत्या, आणि त्यांच्या मागे धनेश, आणि धनेशच्या मागे त्याचा बाप. हरेश्वर खाडीकडचा माणूस, रुंद, काळा, पांढऱ्या मिशांचा. हातात नायलॉनची पिशवी, आणि पिशवी आतून हलत होती.

"चिंबोऱ्या हायेत," तो म्हणाला. "खाडीच्या. जित्या. वैनी, टोपात ठेवा, नाय तं घरभर फिरतील."

मेघनानं पिशवी लांब धरून आत नेली. हरेश्वर बसला, कप घेतला, एक घोट प्यायला आणि म्हणाला, "पानी खारा झालाय."

सगळ्या घराला सकाळपासून जे जमलं नव्हतं, ते पाहुण्यानं बसल्या बसल्या केलं होतं.

"उन्हाळ्यात होतं थोडं," देवेंद्र म्हणाला.

"नाय हो. आमी खाऱ्यातलीच मानसं. आमाला नाय कलनार तं कोनाला?" हरेश्वरनं कप खाली ठेवला. "मुद्द्याचा बोलतो, जगन्नाथभाऊ. पोरगा तुमचा पानी वापरतो. दर आठवड्याला तलाव रिकामा, तलाव भरला. तुमी पैसं घेत नाय. मला घरी झोप नाय. फुकाटचा पानी अंगाला लागत नाय आमच्या. आमच्या बिल्डिंगीत पिन्याचा पानी पन टँकरचा. एक हंडा कधी कोनी फुकट दिला नाय. तवा आज काय तो आकडा सांगा."

"पाण्याचा आकडा नसतो," दादा म्हणाले.

"असतो की. आमच्याकडं आठवड्याला येतो."

"माझ्या विहिरीला नाही."

"काका," धनेश मधे म्हणाला, "मी दर महिन्याला विचारतो. तुम्ही म्हणता, पाणी काय माझ्या बापानं तयार केलं? मग मला वाटलं, की भरपूर असेल."

"भरपूर आहे असं मी म्हटलं का?"

"नाही. पण नाही आहे, असंही नाही म्हटलं."

देवेंद्रच्या लक्षात आलं, की हा पोरगा नकळत बरोबर ठिकाणी बोट ठेवून बसलाय. नाही आहे, असं दादा म्हणूच शकत नव्हते. ते म्हणणं म्हणजे नाही म्हणणं.

देवेंद्रनं घसा साफ केला. बँकेत तो असा घसा साफ करी, तेव्हा समोरचे लोक फाइल मिटत. इथं कुणी हललं नाही.

"आपण असं बघू," तो म्हणाला. "पाण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, मान्य. पण पंपाला वीज लागते. विजेचे घेतले, तर ते विकणं होत नाही."

"वीज कशासाठी जाळली?" दादांनी विचारलं.

"पाणी काढायला."

"म्हणजे काढलेल्या पाण्याचे."

"नाही, दादा, काढण्याचे."

"दूधवाला पण म्हणेल, दूध फुकट, पिळण्याचे द्या."

व्हॅलेरियन हसला. मग आपण कुणाच्या बाजूनं हसलो हे न कळून थांबला. "जगन, देव्याचं तसं चूक नाही. चर्चमध्ये मेणबत्ती घेतो तेव्हा आपण मेणाचेच पैसे देतो, प्रार्थनेचे नाही."

"मग धनेशनं पैसे द्यायचे आणि पाणी घ्यायचं नाही, असं म्हणतोस?"

व्हॅलेरियननं यावर बराच विचार केला. "नाही," तो म्हणाला. "मला वाटतं मी ते उलटं म्हणत होतो."

"पंप झिजतो," देवेंद्रनं दुसरीकडून सुरुवात केली. "झिजेचे..."

"झीज माझ्या पंपाची आहे. मी झिजवतो."

"विहिरीची देखभाल..."

"विहिरीचं मी बघतो! गेल्या दिवाळीआधी गाळ काढला तो कोणी काढला? तू काढलास. मी कुणाला सांगत नाही का, माझ्या मुलानं काढला म्हणून? त्यानंतर दोन महिने पाणी कसं होतं? शहाळ्यासारखं. तुला कधी पैसे मागावे लागले कुणाकडे?"

देवेंद्रनं मेघनाकडे पाहिलं. मेघना दारातून आत गेली होती. आत काहीतरी टोपात खडखडत होतं, आणि ते तिला अचानक फार महत्त्वाचं वाटलं असावं.

गाळ त्यानं काढला नव्हता. त्याला वाटत होतं तो दादांनी काढला. त्या आठवड्यात तो बँकेच्या ट्रेनिंगला होता. परत आला तर विहिरीच्या काठावर काळ्या चिखलाचे ढीग होते, दादा खूश होते, आणि आपण काही बोललो तर कामाला लावतील म्हणून तो गप्प बसला होता. नंतर दादा चारचौघांत त्याचं कौतुक करू लागले, तेव्हा त्यानं ते नम्रपणे ऐकून घेतलं. कौतुक कुठल्या गोष्टीचं चाललंय हे विचारायची त्याला सवय नव्हती.

"पन पैसं तं आमी देतोच की," हरेश्वर म्हणाला.

"कुठले पैसे?" दादा.

"पान्याचे. म्हंजे पुरं नाय, जमतील तसं. मी तेच सांगतो, जमतील तसं नको, काय तो आकडा..."

"बाबा," धनेश हळूच म्हणाला.

"काय बाबा? सुनेच्या हातात देतोस ना? मीच देतो तुला मोजून."

दाराच्या आतली खडखड थांबली.

दादांनी बशी खाली ठेवली. "मेघना," त्यांनी हाक मारली. आवाज मोठा नव्हता. या घरात आवाज चढला की माणसं बिनघोर होत. खाली आला की उठून बसत.

मेघना बाहेर आली. पदर नव्हताच, तरी तिनं ओढणी खांद्यावर नीट केली. देवेंद्रला वाटलं की आपण तिच्या बाजूनं काहीतरी म्हटलं पाहिजे. काय म्हटलं पाहिजे ते कळण्यासाठी आधी तिची बाजू काय आहे ते कळायला हवं होतं.

"घेतलेस?"

"घेतले, दादा."

"पाण्याचे?"

"त्यांनी पाण्याचे म्हणून दिले. मी पाण्याला लावले." ती विहिरीकडे न बघता म्हणाली. "गाळ त्यातून काढला. पंपाचा फूटव्हॉल्व्ह त्यातून बदलला. उरले ते नळकांड्याला गेले. माझ्या हाताला काही लागलं नाही."

"म्हणजे," दादा म्हणाले, "म्हणजे मी व्हॅलेरियनच्या मुलाच्या लग्नात मांडवात उभा राहून सांगतो, की या विहिरीचा थेंब कधी विकला गेला नाही. आणि घरात..."

"दादा, मी तुम्हाला सांगणार होते."

"कधी?"

"तुम्ही शहाळ्यासारखं म्हणालात तेव्हा. मग म्हटलं, आता कशाला."

"देवेंद्र!" दादा वळले. "तुला ठाऊक होतं?"

"नाही," देवेंद्र म्हणाला. हे खरं होतं, आणि तरी ते म्हणताना त्याला खोटं बोलल्यासारखं वाटलं. शिवाय बायकोनं नजर वळवली, त्यावरून त्यानं हेही ताडलं, की या घडीला खरं बोलणं हीच त्याची चूक होती.

"तिला काय विचारता?" आनंदीबाई म्हणाल्या.

त्या इतका वेळ खांबाशी बसून सोनचाफ्याची फुलं पानात बांधत होत्या. उद्या पहाटे दादरला जायची. गेल्या महिन्यापर्यंत टोपली भरायची, आता तळ झाकला की पुरे म्हणायचं.

"मी सांगितलं तिला घ्यायला," त्या म्हणाल्या.

"तू?"

"मी. ती घेत नव्हती. रडायला आलेली, आई, दादांची शपथ आहे म्हणून. मी म्हटलं, बाय, ती त्यांची आहे. तुझी कुठे?"

"शपथ घराची आहे, आनंदी!"

"घराची?" आनंदीबाईंनी फुलांची पुडी बाजूला ठेवली. "मी कुठे होते मग त्या दिवशी? आठवा. तुम्ही सगळे विहिरीवर. नारळ तुम्ही फोडला, क्रूस ह्यांनी धरला. मी आत पन्नास माणसांचा चहा करत होते, आणि ही थेरेसा," त्यांनी व्हॅलेरियनकडे हनुवटी केली, "ह्यांची बायको, कप विसळत होती. आम्हाला कुणी बोलावलं? खोबरं सुद्धा संपलं आमच्यापर्यंत येईतो."

"बायकांना काय वेगळं बोलवायचं असतं?" दादा म्हणाले.

"नसेल. पण बोलावलं नाही, एवढं खरं. पाणी तेव्हा कोण शेंदत होतं? तुम्ही? या घरात हंडा तुमच्या खांद्यावर मी एकदा पाहिला, तो पण आपल्या लग्नात, फोटोसाठी. शेंदणाऱ्या आत चहा करत होत्या, आणि न शेंदणारे बाहेर शपथ घेत होते."

देवेंद्रला आई अशी सलग बोललेली आठवत नव्हती. त्यानं आधारासाठी व्हॅलेरियनकडे पाहिलं. आळीतल्या शपथकर्त्यांपैकी ओट्यावर तोच दुसरा होता.

"काका, तुम्ही सांगा. शपथ मोडली का?"

व्हॅलेरियननं कॅनचं झाकण उघडलं आणि लावलं. "पुरुषांची नाही मोडली," तो म्हणाला. "पण जगन, आता निघालंच आहे तर सांगतो. आमची विहीर चांगली होती तेव्हा थेरेसा मागच्या दाराने शेजारच्या एका बंगलेवाल्याला पाणी द्यायची. रविवारी प्रार्थनेला मी लवकर जायचो ना. ती मागाहून यायची. मला वाटायचं, साडी नेसायला वेळ लागतो."

"आणि पैसे?"

"मुलाची फी. मला वाटायचं शाळेनं माफ केली. मी फादरांचे आभार पण मानले. ते पण 'असू दे' म्हणाले. कशाबद्दल ते त्यांनाही कळलं नसणार."

दादा उठले. ओट्याच्या टोकापर्यंत गेले आणि विहिरीकडे तोंड करून उभे राहिले. मागून त्यांची मान नेहमीसारखीच ताठ दिसत होती, फक्त हात कुठे ठेवावेत हे त्यांना सुचत नसावं. पुलावर कुणीतरी पोरगं शिट्टी फुंकत होतं. हरेश्वर अस्वस्थ झाला.

"भाऊ," तो म्हणाला, "माझ्या बोलन्यान तुमच्या घरात भांडान झाला असंल तं मी चिंबोऱ्या ठेवून जातो. मला काय म्हायत? मी चांगल्यासाठी बोललो. माझी आय ना, आमच्या गावची विहीर खारी, तवा ती खाडी उतरून इकडं वाड्यांत यायची गोड्या पान्याला. डोक्यावर दोन हंडे. कुठल्या वाडीत यायची मला म्हायत नाय. पन कोनी तिला नाय म्हटला नाय, असा ती मरंपरत सांगायची. म्हनून मला लाज वाटते. आय हंड्यानं नेई, पोरगा तलावानं नेतो."

दादा वळले. या माणसावर रागवायला त्यांना काही कारण सापडत नव्हतं, आणि त्यानं त्यांचा राग आणखीच निराधार झाला.

"मग मी काय करू?" ते म्हणाले. बाजूला कुणी नसल्यासारखं. "नाही म्हटलं, तर मी शब्द दिला तो गेला. पैसे घेतले, तर शब्द गेला. काहीच नाही केलं तर शब्द राहतो, आणि विहीर जाते. मग त्या शब्दाचं मी करू काय? खाऱ्या विहिरीवर उभा राहून सांगू, की विकली नाही?"

देवेंद्रनं मनात तीनदा घसा साफ केला. आपण सगळ्यांच्या बाजूचे आहोत, एवढंच त्याला ठामपणे सांगता आलं असतं, आणि त्यासाठी ही वेळ बरी नव्हती.

दादांनी कमरेचा जुडगा काढला. त्यात पंपाच्या खोलीची पितळी किल्ली होती. ती काढायला वेळ लागला, कारण ती कधी काढलीच नव्हती. त्यांनी ती आनंदीबाईंच्या समोर, फुलांच्या पानावर ठेवली.

"तू घेतली नव्हतीस ना शपथ. मग तू बघ."

आईनं किल्लीकडे पाहिलं. देवेंद्रला वाटलं ती म्हणेल, असं काय करता, घ्या परत. तिनं किल्ली उचलली, पानाचं पाणी लागलं होतं ते पदरानं पुसलं आणि ती पोलक्यात ठेवली.

हरेश्वरचा चेहरा उजळला. आकड्याचं माणूस सापडलं होतं. "वैनी, मंग सांगा. दर आठवड्याला भरायचा काय देऊ?"

"नाही," आनंदीबाई म्हणाल्या.

"म्हंजे?"

"म्हणजे पाणी नाही. पाऊस पडून विहीर भरेपर्यंत डबकं भरायचं नाही. आज आहे त्यात पोहा."

या विहिरीवर तो शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता. दादांनी दचकून विहिरीकडेच पाहिलं, जणू तिनं ऐकलं असेल. देवेंद्रनं धनेशकडे पाहिलं. हरेश्वर मात्र मिशीतून हसायला लागला होता.

"नाय म्हटली!" तो पोराला म्हणाला. "आयकलास? मला वाटलेला या घरात हा शबूदच नाय."

"काकी, पण पाणी बदलल्याशिवाय..." धनेश घाबरला. "सुट्टीची बॅच आहे. पालक ऐकणार नाहीत. पैसे मी वाढवून देतो ना, तुम्ही म्हणाल ते."

"पैसे आधीचे घेतले, त्याचा गाळ काढला. आता गाळाखाली काढायला काही उरलं नाही, तर कशाचे घेऊ? विकायला माझी ना नाही, पोरा. विकायला असलं पाहिजे." त्या मेघनाकडे वळल्या. "बाय, ते मशीन असतं ना, पाणी गाळायचं?"

"फिल्टर. आहे, आई. बंद आहे. ह्यांनी दुरुस्तीला बोलावलं नाही अजून."

देवेंद्रला आपलं नाव न घेता आपण सापडल्याचं कळलं. "पाणी फुकट होतं ना," तो म्हणाला, "मग गाळून कशाला..." आणि तिथंच थांबला. दोन्ही बायका त्याच्याकडे बघत होत्या. वाक्य पुरं करायची गरज नव्हती.

"तर दुरुस्ती याची," आनंदीबाई म्हणाल्या. "घर याचं, मशीन याचं. वीज तुझी, धनेश, चालवणार तू. आणि पालकांना सांग, मालकीण वाईट आहे."

"मालकीण म्हणू?" धनेशनं दादांकडे चोरून पाहिलं.

"म्हण," दादा म्हणाले. ते पुन्हा बसले होते. आवाजात चीड होती, पण तिच्या मागे काहीतरी सैल झालं होतं. देवेंद्रला ते काय ते लागेना. त्याला वाटलं दादा दुखावले असतील. ते तर उरलेला चहा बशीत ओतत होते.

व्हॅलेरियन कॅन घेऊन उभा राहिला. मग विचारायचं कुणाला, या शंकेनं तो जगन्नाथकडून आनंदीबाईंकडे आणि परत असा बघत राहिला. "वहिनी," तो शेवटी म्हणाला, "माझं...?"

"प्यायचं ना? न्या. कॅन एकच?"

"एकच."

"स्कूटरला दोन बांधता हल्ली."

"दुसरा उद्याचा," व्हॅलेरियन म्हणाला, आणि एकच भरून घेऊन गेला.

संध्याकाळी पोरं गेल्यावर देवेंद्र पुलावर फिल्टर बघायला गेला. बघितल्यावर त्याला कळलं, की फिल्टरमध्ये काय बघायचं असतं हे आपल्याला ठाऊक नाही. तरी तो झाकण उघडून उभा राहिला. केळींच्या पाटातून पाणी वाहत होतं, ते आईनं सोडलं होतं. चाफ्याकडचा पाट कोरडा होता.

दादा बादली घेऊन आले. घरामागची, कडी तुटलेली. ते पंपाच्या खोलीवरून न थांबता पुढे आले आणि पुलाच्या पायऱ्यांशी वाकले. धनेश काठावर दोऱ्या गुंडाळत होता, तो धावला.

"काका, मी देतो. पण ह्यात औषध आहे हां. झाडाला चालेल?"

"रात्रभर उघडी ठेवतो. सकाळचं ऊन खाल्लं की वास उडतो." दादांनी बादली भरून घेतली. "चाफ्याला पाणी मागितलं घरात. उद्या म्हणाली."

"मग रोज न्या की. विचारायचं काय त्यात?"

दादांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि एक नोट काढून धनेशपुढे धरली. धनेश दोन पावलं मागे सरला.

"काका! तुमच्याकडून पाण्याचे पैसे घेऊ? पाणी काय माझ्या बापानं..."

"विकायचं नाही अशी शपथ मी घेतली होती," दादा म्हणाले. "विकत घ्यायचं नाही, असं तिच्यात नव्हतं."

देवेंद्र हातात झाकण धरून उभा होता. भाडेकरूनं घरमालकाला घरमालकाच्याच विहिरीचं पाणी विकायचं, तर त्याचा खर्च शेवटी कुणावर पडतो, याचा तो हिशेब लावायला गेला आणि मधेच हरवला. धनेशनं मदतीसाठी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले.

"नको ना, काका. बरं दिसतं का?"

"घे, पोरा," जगन्नाथ म्हणाले, आणि नोट त्याच्या ओल्या मुठीत कोंबली. "घे. फुकट मिळालं, तर मी रोज येईन."